ढोल ऐकू येतो, नाव ऐकू येत नाही

मेळघाटात एखाद्या मुलाच्या कानाविषयी शंका काढली, की घरचं माणूस हमखास एकच पुरावा पुढे करतं. होळीच्या दिवसांत ढोल वाजला की पोरगं नाचतं, मग ते बहिरं कसं? सेमाडोहला, सिपना नदीच्या काठच्या एका घरात हे मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे हरिसालच्या बाजूला ऐकलं, घटांगच्या आसपासच्या ढाण्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, ऐकलं, परतवाड्याला दवाखान्याच्या रांगेत बसलेल्या आजीकडून ऐकलं. वाचा-श्रवण चिकित्सक म्हणून या पट्ट्यात काम करताना मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो या प्रश्नाने.

या पुराव्यात खोटं काही नसतं. ढोलाचा आवाज मोठा आणि खर्जातला. तो छातीत आणि तळपायांत घुमतो. ज्याच्या कानात थोडी ताकद शिल्लक आहे त्याला तो खरोखर ऐकू येतो, आणि ज्याच्या कानात काहीच उरलेलं नाही त्यालाही तो अंगावर जाणवतो. बोलण्याचं तसं नाही. बोलण्यातले ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ जाडजूड असतात, ते पोचतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ बारीक आणि वरच्या पट्टीतले. शब्दाचा अर्थ बहुतेक या बारीक आवाजांवरच उभा असतो. आई हाक मारते तेव्हा मूल वळतंही, पण त्याला नाव कळलेलं नसतं, कुणीतरी ओरडलं एवढंच कळलेलं असतं. शिवाय ही मुलं डोळ्यांनी विलक्षण हुशार होतात. दारात सावली पडली, कुत्र्याने कान टवकारले, बहिणीने मान फिरवली, की तीही फिरवतात. पाठीमागे थाळी वाजवून घरच्यांनी घेतलेल्या परीक्षेत ती सहज पास होतात. त्यात ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असं कुणीतरी म्हणतं आणि आणखी एक वर्ष जातं.

ते वर्ष महाग पडतं. जगभर या कामात 1-3-6 असा हिशेब धरतात: बाळ एक महिन्याचं होईपर्यंत कानाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत कानाला मशीन व शिकवणं सुरू. कारण ऐकणं हे कानाइतकंच मेंदूचं काम आहे, आणि मेंदूतली ऐकण्याची जागा पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत जितक्या सहज घडते तितकी नंतर घडत नाही. माझ्याकडे सेमाडोह भागातून आलेली बहुतेक मुलं मात्र अंगणवाडीचं वय उलटल्यावरच यायची. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत जाऊ लागली, आणि जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आलं. त्यामुळे फरक पडला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पूर्वी आठव्या-नवव्या वर्षी येणारी मुलं आता तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात. पण सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आलेली आई अजूनही क्वचितच भेटते.

निदानासाठी अमरावती गाठावी लागते. सेमाडोहहून शंभरएक किलोमीटर. लहान मुलाची ‘बेरा’ नावाची तपासणी करतात. डोक्याला तारा चिकटवायच्या, कानात आवाज सोडायचा आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्रावर बघायचं. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. इथेच घोळ होतो. घटांगच्या वळणांवर एसटी लागली की मोठी माणसं पेंगतात, तिथे दोन वर्षांचं लेकरू काय जागं राहणार? ते वाटेत मस्त झोप काढतं आणि अमरावतीच्या इर्विन दवाखान्याच्या आवारात उतरतं तेव्हा ताजंतवानं असतं. तपासणीची वेळ जाते, परतीची गाडी धरावी लागते, आणि पुन्हा यायचं म्हणजे पुन्हा एका दिवसाची मजुरी. म्हणून मी आयांना सांगायला लागले की आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा आणि गाडीत अजिबात डोळा लागू देऊ नका. एकदा एक आई आणि मावशी दोघी मिळून परतवाड्यापर्यंत पोराला मुरमुरे चारत, गुदगुल्या करत, खिडकीबाहेरची माकडं दाखवत आल्या. कंडक्टर कळवळून म्हणाला, “झोपू द्या न बाई लेकराले, काहाले छयता?” मावशीने त्याला सगळं समजावून सांगितलं. पुढच्या प्रवासात मुलाला जागं ठेवण्याचं अर्धं काम त्यानेच केलं. तपासणी त्याच दिवशी झाली.

निदान झालं की मशीन मिळतं. सरकारी योजनांतून, शिबिरांतून मिळतं, त्याचे फोटोही निघतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि तिथून पुढेच मूल एकटं पडतं. एका घरी मी मशीन कुठे आहे विचारलं तर आईने लोखंडी पेटी उघडली. रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि त्यांच्याखाली फडक्यात गुंडाळलेलं मशीन. सरकारी वस्तू, महागाची, पोरगं हरवेल म्हणून जपून ठेवलेली. त्या बाईच्या सांभाळण्यात काही चूक नव्हती. ते रोज, उठल्यापासून झोपेपर्यंत कानात राहायला हवं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मशीन कानात न राहण्याची कारणं बारीकसारीक असतात आणि ती जागेवर जाऊनच समजतात. कानाचा साचा, ज्याला सगळे मोल्ड म्हणतात, तो मुलाच्या कानाच्या मापाचा असतो. मूल वाढतं, कान वाढतो, मोल्ड ढिला होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. लहान वयात दर काही महिन्यांनी नवीन मोल्ड लागतो. शिट्टीने आई वैतागते, आवाज कमी करून ठेवते, आणि कमी आवाजाचं मशीन म्हणजे कानात कोंबलेला बोळा. सेलचं तसंच. मशीनचे सेल हवेवर चालणारे असतात, स्टिकर काढला की ते सुरू होतात. मशीन वापरा किंवा नका वापरू, एकदा स्टिकर निघाला की ते दहा-पंधरा दिवसांत संपतात. ते सेमाडोहच्या किराणा दुकानात मिळत नाहीत. संपलेला सेल घरात इकडेतिकडे टाकायचा नाही, लहान भावंडाने गिळला तर जिवावर बेततं, हे मी प्रत्येक घरी सांगते. आणि पावसाळा! मेळघाटातल्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे कानामागच्या घामाने आणि ओलीने मशीन मरायला किती वेळ लागणार? घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, रात्री सेल काढून मशीन त्यात. एवढं पाळलं की मशीन टिकतं. ज्या घरांनी हे पाळलं त्यांची मुलं बोलली. इतका साधा संबंध आहे.

मशीन लावलं म्हणजे मूल ऐकायला लागलं, असं घरच्यांना वाटतं आणि ते स्वाभाविक आहे. चष्मा लावला की लगेच दिसतं ना. पण ज्या मेंदूने चार वर्षं शांतता पाहिली त्याला आवाज म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. आधी आवाज आला आणि आवाज गेला, एवढं कळतं. मग दोन आवाज वेगळे आहेत हे कळतं. मग कुठला आवाज कशाचा ते ओळखता येतं. आणि सगळ्यात शेवटी ऐकलेल्याचा अर्थ लागतो. आमच्या शास्त्रात या पायऱ्या नॉर्मन अर्बर यांनी मांडल्या. मी त्या आयांना एका हिशेबाने सांगते: तुमचं पोर चार वर्षांचं असेल, पण त्याच्या कानाचा जन्म मशीन लावलं त्या दिवशी झाला. सहा महिन्यांच्या बाळाने तुमच्याशी कविता बोलावी अशी अपेक्षा करता का? हा हिशेब आजींना चटकन पटतो.

रोज सकाळी करायची एक तपासणी आहे. डॅनियल लिंग या तज्ज्ञाने बसवलेली. आ, ई, ऊ, म, श, स असे सहा आवाज. मुलाच्या मागे किंवा बाजूला बसायचं, ओठ दिसू द्यायचे नाहीत, आणि एकेक आवाज साध्या बोलण्याच्या पट्टीत काढायचा. आवाज आला की मुलाने डब्यात एक दाणा टाकायचा. दाणे मोहाच्या बिया असोत नाहीतर तुरीचे. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीतले, ‘श’ आणि ‘स’ वरच्या. काल ‘स’ला दाणा पडत होता आणि आज पडला नाही, तर मशीनमध्ये, मोल्डमध्ये किंवा कानात काहीतरी बिघडलं, हे घरातल्या निरक्षर माणसालाही दोन मिनिटांत कळतं. यात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. आवाज काढल्यावर मुलाला वेळ द्यायचा असतो. मोठी माणसं थांबत नाहीत, लगेच पुन्हा आवाज काढतात, हात हलवतात, हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवतात. सेमाडोहला एका ओसरीवर मी एका मुलाच्या काकूला बघत होते. ती ‘श’ म्हणाली आणि गप्प बसली. मुलाचा हात डब्याच्या वर, मुठीत दाणा, भुवया आक्रसलेल्या. समोरून बकरी गेली, कुणीतरी हापसा मारत होतं, काकू हलली नाही. बऱ्याच वेळाने मूठ उघडली आणि दाणा पडला. मी शहरात पदव्या घेतलेल्या माणसांनाही इतकं शांत थांबताना पाहिलेलं नाही.

इथल्या कोरकू आदिवासींची घरं या कामाला फार चांगली आहेत, हे इथे आल्यावरच माझ्या लक्षात आलं. बांबूच्या तट्ट्यांवर मातीचा लेप दिलेल्या भिंती, वर कवेलू. अशा खोलीत आवाज घुमत नाही. मशीनला घुमणारा आवाज सोसत नाही, ते सगळंच मोठं करून कानात ओततं. त्यामुळे सिमेंटच्या आणि टिनपत्र्याच्या वर्गात जे मूल गोंधळतं तेच मूल आपल्या घरात नीट ऐकतं. गावंही अशी की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची रांग, आणि सगळं जगणं ओसरीवर. माणसं एकमेकांशी बोलतात ती दिसतात. गाड्यांचा कलकलाट नाही. उन्हाळ्यात रातकिडे मात्र कान किटवतात, तेव्हा मी दुपारी शिकवायला बसत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र माझ्या कामातलं सगळ्यात मोठं वळण ठरला. एक मुलगी होती, चारेक वर्षांची. शहरातल्या कुणीतरी घरच्यांना बजावलं होतं की मुलीशी मराठीतच बोला, दोन भाषांनी तिचा गोंधळ होईल, शाळा मराठीत आहे. आई-बापाला कामापुरतं मराठी येत होतं, आजीला तेवढंही नाही. परिणाम असा झाला की त्या घरात मुलीशी बोलणंच बंद झालं. आई ‘ये’, ‘जा’, ‘बस’, ‘जेव’ एवढे चार शब्द म्हणायची. आजी तर तिच्याकडे बघून नुसती हसायची, कारण तिला दिलेल्या हुकुमाप्रमाणे तिच्याजवळ बोलायला भाषाच उरली नव्हती. मशीन चांगलं, मोल्ड नवीन, सेल भरलेले, आणि कानात ओतायला काही नाही.

मी त्यांना सांगितलं, कोरकूतच बोला. जे रोज बोलता ते सगळं बोला. आजी चुलीशी बसायची, मुलगी तिच्या बाजूला. मशीनचा कान आजीकडे. पाणी ओतताना ‘दा’, कुत्रं हाकलताना ‘सिता’, गोष्टीत वाघ आला की ‘कुला’. आजी भाकर थापताना काय करतेय ते सांगायची, भाकर उलटली की सांगायची, करपली की मुलीलाच रागवायची. एकच शब्द दिवसातून कितीदा यायचा याचा हिशेब नाही. कुठल्याही दवाखान्यात आठवड्यातून पाऊण तास बसून मी हे देऊ शकले नसते. काही महिन्यांनी तीच मुलगी मशीन काढलं की आजीकडे जाऊन कान दाखवायला लागली, म्हणजे मशीन घाल म्हणून मागायला लागली. तिचे पहिले शब्द कोरकू होते. मराठी ती शाळेत शिकली, मागाहून, आणि बरी शिकली, कारण तोपर्यंत भाषा म्हणजे काय हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्या भाषेत आईला भांडता येतं, रडता येतं, लाड करता येतात, त्याच भाषेत मुलाला ऐकायला शिकवावं. या मतापासून मला आता कुणी हलवू शकणार नाही.

ऐकणं काय असतं हे या माणसांना मी सांगावं, हेही तसं उलटंच. 1974 पासून हे जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे. माकडाने खाकरल्यासारखा इशारा दिला, चितळाची शीळ आली, की गुराखी कुठे बघायचं आणि कुठल्या बाजूने गुरं काढायची ते ठरवतो. एका मुलाचा बाप गुराखीच होता. मी त्याला ‘पाठीमागून आवाज द्या, अंतर हळूहळू वाढवा’ एवढंच सांगितलं होतं. आमच्या पुस्तकात असं आहे की अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणून मशीन लावलेल्या मुलाशी आधी हातभर अंतरावरून बोलायचं आणि मग लांब जायचं. त्याने हे मनावर घेतलं आणि पोराला घेऊन गेला सागाच्या जंगलात. उन्हाळ्याचे दिवस, खाली वाळक्या पानांचा खच. मुलगा पुढे, बाप मागे. बाप चालायचा तेव्हा पानं कडाकडा वाजायची, मग तो एकदम थांबायचा. आवाज थांबला हे कळून पोराने वळून बघायचं, हा खेळ. आधी अगदी जवळून, मग पाच पावलांवरून, मग दहा. पुढे त्याने त्यात बकरीला आणलं: आता पानांत कोण चालतंय, बकरी की बाबा? ओळखण्याची पायरी त्याने कुठल्याही तक्त्याशिवाय गाठली होती. मी पुढे ही युक्ती कितीतरी आई-बापांना सांगितली.

शाळेत गोष्ट वेगळी. इथल्या शिक्षकांकडे दोन-दोन वर्ग एका खोलीत असतात. पावसाची सर आली की पत्र्यावर असा गदारोळ होतो की चांगल्या कानाच्या मुलांनाही गुरुजींचं ऐकू येत नाही, मशीनवाल्याला तर नुसता पाऊसच ऐकू येतो. मी शिक्षकांना तीनच गोष्टी मागते. मुलाला पुढे आणि दारापासून लांब बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि त्याला समजलं का हे ‘समजलं का?’ असं विचारून बघू नका, कारण तो हो म्हणून मान हलवतो. त्याला सांगितलेलं पुन्हा सांगायला लावा. एका शिक्षकाने पावसाच्या सरीत शिकवणं थांबवून सगळ्या वर्गाला चित्रं काढायला लावायचा रिवाजच पाडला. सर ओसरली की पुन्हा धडा. वर्गातल्या सगळ्याच मुलांचं भलं झालं.

दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. शेतातलं काम संपतं आणि कुटुंबं वीटभट्ट्यांवर, संत्र्यांच्या बागांवर, खाली मैदानात मजुरीला जातात ती होळीला परत येतात. शिकवण्यात चार महिन्यांचा खंड. भट्टीवरची धूळ मशीनला पावसाइतकीच वाईट. ती जाण्याआधी मी सेलची पाकिटं आणि डबा हातात ठेवते आणि एखाद्या माणसाला जबाबदार करते. एका वर्षी ते माणूस म्हणजे मुलाची दहा-अकरा वर्षांची बहीण होती. आई-बाप विटा थापायचे, ती भावाला सांभाळायची. होळीला ते परत आले तेव्हा मशीन चालू होतं आणि भाऊ सहाच्या सहा आवाजांना दाणे टाकत होता. बहिणीची शाळा मात्र त्या वर्षी बुडाली होती. या गोष्टीचा आनंद मला अर्धाच घेता आला, आणि तो अर्धाच असायला हवा.

सगळ्या मुलांना मशीनने बोलणं मिळत नाही. हे लपवून ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचं ऐकणं जवळजवळ शून्य होतं आणि घरच्या खुणांपलीकडे तिला भाषा नव्हती. शक्तिशाली मशीन लावून तिला ढोल, ट्रक, ढगांचा गडगडाट कळायला लागला, त्यापुढे गाडी सरकली नाही. तिला निवासी मूकबधिर शाळेत पाठवावं असं मी सांगितलं. तिथे ती खुणांची भाषा शिकली आणि वर्षभरात माझ्याशी हातांनी इतकं बोलली की मलाच पुरं पडेना. भारतीय सांकेतिक भाषेसाठी 2015 साली दिल्लीत केंद्राची स्वतंत्र संस्था उभी राहिली, पण आमच्या डोंगरात ती भाषा शिकवणारं माणूस अजून सापडत नाही. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव देऊन मोठं केलं, 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या मुलांत मूकबधिर बरीच. ऐकता-बोलता न येणारं मूलही भरलेलं आयुष्य जगू शकतं, हे आमच्या भागाला दाखवायला वझ्झर पुरेसं आहे. माझा भर ऐकण्यावर असला तरी मूल भाषेविना राहू नये ही माझी पहिली अट आहे. कानाने जमलं तर कानाने, नाहीतर हातांनी.

कॉक्लिअर इम्प्लांटविषयी, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायच्या यंत्राविषयी, घरोघरी विचारतात. ज्यांना मशीनचा उपयोग होत नाही अशा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून ही शस्त्रक्रिया मोफत होते, आणि मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. ऑपरेशन दोन-तीन तासांचं, त्यानंतरचं शिकवणं मात्र वर्षानुवर्षांचं. यंत्राचं मॅपिंग, म्हणजे त्याचे आवाज मुलाला जुळवून घेणं, यासाठी पुन्हा पुन्हा शहरात जावं लागतं. एक कुटुंब यासाठी गाव सोडून अमरावतीला राहिलं, बाप बांधकामावर गेला, आई मुलाला घेऊन रोज थेरपीला. मूल आज शाळेत जातं, फोनवर आजोबांशी बोलतं. दुसऱ्या एका कुटुंबाला तसं राहणं शक्य झालं नाही, बाहेरचा भाग तुटला तो दुरुस्त करायला पैसे नव्हते, आणि डोक्याच्या आत बसवलेलं लाखोंचं यंत्र मुकं पडलं. दोन्ही आई-बाप सारखेच कष्टाळू. फरक होता तो शहरात एक खोली मिळण्या-न मिळण्याचा.

काही बहिरेपण टाळता येण्यासारखं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे लहान मुलांतल्या सुमारे 60 टक्के श्रवणदोषाचं कारण टाळण्याजोगं आहे. आमच्याकडे कान वाहणं इतकं सर्रास आहे की त्याला कुणी आजारच समजत नाही. वाहत्या कानात गरम तेल, झाडपाल्याचा रस घालतात, आणि पडद्याचं भोक मोठं होत जातं. असा कान वेळेवर दाखवला तर बऱ्याचदा औषधाने, कधी ऑपरेशनने सुधारतो. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळ बहिरं जन्मू शकतं. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली, तेव्हा ‘ही लस कानासाठी पण आहे’ हे मी आशाताईंबरोबर घरोघरी सांगत होते.

आता माझं मागणं. सहा महिन्यांचं बाळ हाकेला वळत नसेल, वर्षाचं होऊनही एखादा शब्द काढत नसेल, तर आशाताईला सांगा, अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला दाखवा, ‘बेरा’ करून घ्या. तपासणीत काही निघालं नाही तर फक्त एक चक्कर वाया जाईल. आणि ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांना विनंती आहे, मशीनवाटपाच्या शिबिरांबरोबर त्यानंतरचीही सोय करा. महिन्यातून एक ठरलेला दिवस सेमाडोहच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोल्डचं माप घेणारं, मशीन तपासणारं आणि सेल देणारं एक माणूस बसू द्या, आणि कोरकू बोलणाऱ्या दोन-तीन स्थानिक मुलींना या कामाचं शिक्षण देऊन मानधनावर घ्या. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही. एवढं झालं तर पेट्यांत पडून असलेली कितीतरी मशीनं पुढच्या पावसाळ्याच्या आत मुलांच्या कानांवर येतील.